चकवरच्या पुळ्या

पाहुणे येणार म्हणून मी चक घासला. सुनेनं मेहनतीनं तयार केलेला, मोजून-मापून ठेवलेला, नुसता पुसून कपाटात ठेवा असं बजावून माझ्या हवाली केलेला चक मी घासून लख्ख केला. वर दोन पावलं मागं सरून, मान तिरकी करून, तो कसा दिसतो तेही पाहिलं. इतका निर्भेळ गाढवपणा लहानपणी झाला असता तर सांगायला गोड वाटला असता. माझं वय तेव्हा बासष्ट होतं.

त्याला आता चारपाच वर्षं झाली. बासष्टीतल्या त्या बाईचं मला हल्ली हसू येतं. केस काळे करायची, गुडघे दुखत नाहीत असं न विचारता सांगायची, आणि आपल्याला बहुतेक सगळं कळतं असं तिचं ठाम मत होतं. जन्मभर सोलापुरात कॉलेजात फिजिक्स शिकवलेलं. दरवर्षी वर्गात कंगवा केसांवरून फिरवायचा, कागदाचे कपटे उचलून दाखवायचे, पोरांनी माना डोलवायच्या. म्हणजे स्थिर विद्युत हा तर घरचाच विषय. त्याच विषयात तिनं माती खाल्ली.

आधी चक म्हणजे काय ते सांगते. लेथवर काम करणाऱ्याला चक म्हटलं की लोखंडी जबडा आठवतो, वस्तू आवळून धरणारा. आमच्या सूनबाईचा चक वेगळा. ती सिरॅमिकची गोल पाटी, पोळपाटाएवढी. तिच्या पोटात धातूच्या पातळ पट्ट्या असतात. पट्ट्यांना वीज दिली की वर ठेवलेली सिलिकॉनची चकती पाटीकडे ओढली जाते आणि घट्ट बसते. ना जबडा, ना डिंक. वीज बंद केली की चकती मोकळी. या चकतीला वेफर म्हणतात. हिच्यावरच पुढं मोबाइलच्या नि गाड्यांच्या चिप घडवतात. वेफर आपल्या कडक भाकरीपेक्षा पातळ आणि मोडायला तितकीच तयार, त्यामुळं तिला धरणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच सोडणंही.

सगळी करामत पाटीच्या वरच्या बाजूला असते. नुसत्या डोळ्यांना ती सपाट दिसते. भिंगाखाली धरली की दिसतात ओळीनं मांडलेले बारीक उंचवटे, केसाच्या जाडीइतकेही उंच नसतील. वेफर फक्त त्यांच्या माथ्यांवर टेकते. मधल्या फटींतून हेलियम वायू फिरतो आणि वेफरची उष्णता खाली पाटीत नेऊन सोडतो. वापरून वापरून हे उंचवटे झिजतात आणि एवढी किमती पाटी अडगळीत जाते. सूनबाईच्या डोक्यात होतं की असे झिजलेले चक घ्यायचे, वरचा थर काढायचा, आणि त्यांच्यावर नवे उंचवटे उठवून द्यायचे. ते किती दाट, केवढे, काठाची कड किती रुंद, ही सगळी आखणी तिची स्वतःची होती. मी त्यांना पुळ्या म्हणायची. तिला ते मुळीच आवडत नसे.

“आई, टॉवेल बघा की आपला,” तिनं एकदा मला समजावलं होतं. “उभे फास असतात म्हणून तो ओल्या अंगाला चिकटून बसत नाही. तसंच आहे हे.” ती विणकरांच्या घरातली. माहेर पूर्वभागात, घरात तेलुगू, वडिलांचा टॉवेलचा कारखाना. उदाहरण तिला सहज सुचलं. माथे जरासे खरबरीत ठेवायचे असतात, असंही ती तेव्हा म्हणाली असणार. मी मान डोलावली असणार. माझ्या वर्गातली पोरं डोलवायची तशीच.

कारखान्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच अडलं होतं. वडील गेले, लूम भंगारात गेले, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली ती शेड रिकामी पडली. सूनबाई सिरॅमिकचं शिक्षण घेऊन बाहेरगावी नोकरी करून परतली होती. आमचे चिरंजीव जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. तिनं भावाकडं शेड मागितली. भाऊ वाईट नाही, पण व्यवहारी. एक टॉवेलवाला शेडमध्ये गोदाम करायला तयार होता. असले चक वापरणाऱ्या बंगळूरच्या एका कंपनीचा माणूस येऊन चक तपासून जाईपर्यंत थांबतो, असं भावानं कबूल केलं. चक पास झाला तर शेड तिची. नाही झाला तर गोदाम. एका पाटीवर सगळं आलं होतं.

तिनं ती शेड धुतली ती किती वेळा कुणास ठाऊक. छताच्या कैच्यांतून सुताचं तूस पडतच राहायचं. शेवटी तिनं आत काचेची बंदिस्त खोली उभी केली, तिच्यात गाळलेली हवा सोडली, आणि टोपी-झगा-हातमोजे घातल्याशिवाय कुणी आत यायचं नाही असा नियम केला. मी रिटायर होऊन घरी बसले होते. मीही झगा चढवला. भंगार तुकड्यांवर घासण्याचं मशीन चालवायला शिकले. फिरती तबकडी, तिच्यावर हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट, पाटी वरून अलगद टेकवायची. हात बरा बसला होता. दुर्दैवानं.

पाहुणे यायचे ते नेमके आमच्या घरच्या गौरींच्या पाठोपाठ. आमच्याकडं महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे असतात. ते घासणं हे माझंच काम. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नसे. चिंच, मीठ, बोटाला गुंडाळलेलं फडकं, आणि नाकाच्या बाजूच्या खाचा सोन्यासारख्या पिवळ्या होईपर्यंत थांबायचं नाही. शेजारणी दर्शनाला आल्या की आधी मुखवट्यांची चमक बघायच्या आणि मग हात जोडायच्या. निदान माझा तसा समज होता. त्या वर्षीही त्या तशाच बघून गेल्या होत्या आणि माझे हात अजून शिवशिवत होते.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी व्हॅक्यूम पंपाचा एक भाग आणायला सूनबाईला तातडीनं पुण्याला जावं लागलं. जाताना म्हणाली, “आई, चक नुसता पुसून ठेवा ओ. बाकी काय करू नका.” मी म्हटलं, जा तू निर्धास्त.

दुपारी पाटी पुसली आणि दिव्याखाली तिरकी धरली. पाटी कशी दिसत होती सांगू? मळकट. उंचवट्यांच्या माथ्यांवर जरा म्हणून तेज नाही. बंगळूरहून माणूस येणार, आणि त्याच्यापुढं आम्ही हे असलं निस्तेज ताट ठेवणार? मला लाज वाटली. पोरीला पुण्याला पळावं लागलं, शेवटचा हात फिरवायचा राहिला असेल, अशी मीच माझी समजूत काढली. सगळ्यात बारीक पेस्ट घेतली आणि मशीन चालू केलं. भिंगाखाली पाहिलं तर एकेक माथा आरशासारखा. अंधाऱ्या रात्री माळावरून आभाळ दिसावं तसं ते दिसत होतं. मी पाटी धुतली, वाळवली, कपाटात ठेवली आणि गुणगुणत घरी गेले.

सूनबाई उशिरा आली, सकाळी पंपाच्या मागं लागली. पाटी तिनं कपाटातून काढून थेट चाचणीच्या चेंबरमध्ये बसवली. मापं तिनं आधीच घेऊन ठेवली होती, पुन्हा भिंगाखाली धरायचं कारण नव्हतं. मी वाट बघत होते, ती चमक बघून काय म्हणेल म्हणून. तिचं लक्षच नव्हतं.

पाहुणे चाळिशीचे, बारीक, कमी बोलणारे गृहस्थ. आजोळ अक्कलकोटकडचं, त्यामुळं मराठी येत होतं, कानडी वळणाचं. मला पाहताक्षणी त्यांनी “नमस्कार अज्जी” म्हटलं. केस काळे करण्याचा खर्च फुकट गेला. दोन वेफर त्यांनी बरोबर आणल्या होत्या, डबीत, लहान बाळ आणावं तशा. त्यांच्या कामातल्या होत्या आणि दोनच होत्या, हे त्यांनी आल्याआल्या सांगितलं.

चेंबर म्हणजे जाड काचेची खिडकी असलेलं स्टीलचं भांडं. वेफर पाटीवर ठेवली, झाकण लावलं, पंपानं हवा ओढली, सूनबाईनं वीज दिली. पाहुण्यांनी खालून वायू सोडून दाब वाढवला, वेफर सुटते का बघायला. सुटली नाही. आणखी वाढवला. जागची हलली नाही. काठाकडून वायू किती निसटतो तेही पाहिलं. काटा जेमतेम हलला. “छलो,” ते म्हणाले. अक्कलकोटच्या बाजूला चांगल्याला छलो म्हणतात. सूनबाईच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. मी मनात म्हटलं, बघ, माझा हात लागला की असं होतं.

मग तिनं वीज बंद केली आणि वेफर उचलायचा खटका दाबला. पाटीला तीन भोकं असतात, त्यांतून तीन बारीक पिना वर येतात आणि वेफरला खालून अलगद उचलतात. पिना वर आल्या. वेफर उठली नाही. पिनांच्या जागी किंचित फुगली आणि तशीच धरून राहिली.

सूनबाईनं पिना खाली घेतल्या. थोडं थांबली. पुन्हा वर. पुन्हा तेच. वीज बंद, तारा काढलेल्या, आणि वेफर पाटीला सोडायला तयार नाही.

पाहुण्यांनी विचारलं, उंचवटे किती दाट ठेवलेत? तिनं सांगितलं. ओठ आवळून ते म्हणाले, मग टेकण जास्त झालं असेल. आत वीज अडकून राहते. आखणीच परत बघावी लागेल. ते शांतपणे बोलत होते आणि तेच भयंकर होतं. आखणी परत म्हणजे महिने. भाऊ महिने थांबणार नव्हता.

आणि मला कळलं. वर्गात मी घासून आरसा केलेले काचेचे दोन ठोकळे एकमेकांवर ठेवायची, आणि वरचा उचलला की खालचाही उचलला जायचा. जितकं गुळगुळीत, तितकी जवळीक. जितकी जवळीक, तितकी पकड. खरबरीत माथा मोजक्या टोकांवर टेकतो. माझे आरसे पूर्ण अंगानं टेकले होते आणि वीज त्या सांध्यात जाऊन बसली होती. म्हणून तर ती पकड तेवढी जबर. पोरीनं माथे मळकट ठेवले होते ते मुद्दाम.

सांगायला एक वाक्य पुरे होतं. पण परका माणूस समोर, आणि मी कोण? फिजिक्सच्या बाई. मनात म्हटलं, ते जाऊ देत, मग सांगू. मग म्हटलं, आणखी एकदा पिना वर येऊ देत, सुटेलही. माझ्या जिभेला तेवढ्यात हजार सबबी सुचल्या आणि बोलता एकही येईना.

सूनबाई खिडकीतून आत बघत होती. हळू आवाजात म्हणाली, “असेल सर. माझी आखणीच चुकली असेल.”

मी तोंड उघडलं. उघडलं ते सांगायलाच, देवाशपथ. आणि तोंडातून निघालं, “उकडतंय का गं तुला? फॅन लावू का?”

धुळीचा कणही चालत नाही त्या खोलीत पंखा नाहीच. दोघांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडं वळले. पाहुणे म्हणाले, पिना अजून थोड्या वर घ्या, हळूहळू. तिनं बटणावर बोट ठेवलं. वेफर फुगली, आणखी फुगली. काचेमागं आवाज असा आला नाही. एक रेघ पिनेपासून काठापर्यंत गेली, मग दुसरी, आणि अर्धी चकती पाटीवरच राहिली.

तेव्हा मी सांगितलं. चक मी काल घासलाय. माथे आरशासारखे झालेत. पिना पहिल्यांदा अडकल्या तेव्हाच माझ्या ध्यानात आलं होतं. हे शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं, पण तोंड सुटलं ते सुटलं.

सूनबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, “कुठली पेस्ट?” मी सांगितलं, सगळ्यात बारीक. “किती वेळ?” चहा गार होईपर्यंत, मी म्हटलं. तिनं मान हलवली, चेंबरमध्ये हवा सोडली, तुकडे वेचले, पाटी काढून भिंगाखाली ठेवली आणि पाहुण्यांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. पाहताना मला म्हणाले, “अज्जी, छान घासलंय.” त्यात टोमणा होता की दाद, मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यांची गाडी संध्याकाळची होती. तोवरचा वेळ तिनं मागून घेतला. मला म्हणाली, तुम्ही बाहेर बसा.

काचेबाहेर बसून मी पाहत होते. तिनं जाडसर पेस्ट काढली आणि तबकडीवर पसरली. आता चूक दुसऱ्या बाजूनं व्हायची भीती. जास्त घासलं तर उंचवटे बसके होणार, काठाची कड खाली जाणार आणि वायू निसटणार. ती पाटी टेकवायची, उचलायची, पुसायची, मोजायची. पुन्हा टेकवायची. तिचा हात एकदाही घाईला आला नाही.

मध्येच भाऊ आला. बरोबर टॉवेलवाला नव्हता, पण हातात टेप होती. “अक्का, झालं का?” त्यानं दारातूनच बहिणीला विचारलं. मी बोटानं गप्प बस खुणावलं. तो शेडच्या दारापाशी गेला आणि टेंपो आत येईल का म्हणून चौकटीची उंची मोजू लागला. पाहुणे बाहेर बसून आमच्या डब्यातली भाकरी नि शेंगाची चटणी जेवत होते. त्यांनी टेपकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, काही विचारलं नाही. मी त्यांना आणखी चटणी वाढली. तेवढंच माझ्या हातात होतं.

“आई, या,” आतून हाक आली. पाटी धुऊन काढायला दोघींचे हात लागणार होते. मी टोपी चढवली. पाण्यातून पाटी उचलताना आमची बोटं हातमोज्यांतून एकमेकींना लागली. भट्टीत पाटी वाळेपर्यंत आम्ही दोघी भट्टीच्या दाराकडं बघत उभ्या होतो.

दुसरी वेफर ठेवली. वीज दिली. खालून दाब वाढवला. सकाळइतकी घट्ट नव्हती. पाहुण्यांनी लावलेल्या दाबाला पुरून उरली, एवढंच. काठाकडून वायू सकाळपेक्षा जास्त निसटला. काटा मर्यादेच्या रेघेजवळ गेला आणि अलीकडंच थांबला. पाहुणे म्हणाले, आता सोडा.

वीज बंद. सूनबाईचं बोट बटणावर. भाऊ माझ्या मागं, बाहेरून काचेला नाक लावून उभा होता. पिना वर आल्या आणि वेफर त्यांच्यावर बसून वर आली. टेबलावरून कागद उचलावा, इतकी सहज.

पाहुण्यांनी पुन्हा करायला लावलं. मग आणखी एकदा. दर वेळी तशीच उठली. मग ते खुर्चीवर बसले, टोपी काढली आणि म्हणाले, सकाळी मी आखणी चूक म्हणून परत गेलो असतो. आखणी तीच आहे, माथे तेवढे बदलले, ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. झिजलेले चक पाठवतो, ते करून द्या. भावानं टेप मागं सोडली; ती सरसर आत गेली. तो तेलुगूत बहिणीला काहीतरी म्हणाला आणि ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

पाहुण्यांना स्टेशनवर सोडून आम्ही तिच्या स्कूटरवर घरी निघालो. बासष्टीतली ती बाई मागं बसलेली. दिवसभराची तंतरलेली, पण शेड वाचल्यावर तिला लगेच पालवी फुटली. माझ्यामुळंच तर त्यांना फरक दिसला, असं ती सुनेच्या खांद्यावरून सांगू लागली. मी घासला नसता तर एवढं पटलं असतं का त्यांना? मी आपली बोलत होते. ती स्कूटर चालवत होती. सात रस्त्याला सिग्नल लागला. तिनं पाय टेकला, हेल्मेटची काच वर केली आणि मान न वळवता म्हणाली,

“आई, तुम्ही घासलंत त्याचा मला राग नाही. वेफर फुटली त्याचाही नाही. मी त्यांच्यापुढं माझी आखणी चुकली म्हणाले, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही मला फॅन लावू का विचारलंत. ते लागलंय मला ओ. आज मला बोलायला लावू नका. उद्या नऊला निघू, तुम्ही येताय ना?”